अर्धा लाडू आणि निळं प्लास्टर

नेदरलँड्समध्ये हात मोडलेल्या माणसाला काही सांगावंच लागत नाही. समोरचा प्लास्टरकडे बघतो, भुवया उंचावतो आणि विचारतो, "सायकल?" आपण फक्त मान हलवायची. पंधरा वर्षं इथे राहून मला जी आपुलकी मिळाली नव्हती, ती उजव्या मनगटाच्या एका हाडाने आठवड्यात मिळवून दिली. ट्रॅममध्ये अनोळखी आजीबाई स्वतःची बाही वर करून जुन्या पडण्याच्या खुणा दाखवू लागल्या. ऑफिसमधल्या सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी प्लास्टरवर सह्या केल्या, आणि जो माणूस तीन वर्षांत माझ्याशी फक्त सर्व्हरबद्दल बोलला होता, त्याने त्यावर चक्क एक सायकल काढली.

मी मान हलवत राहिलो. ते माझं पाप.

खरं असं की मी चाकांच्या खुर्चीवरून पडलो होतो, स्वयंपाकघरात. सासूबाईंनी पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी बेसनाचे लाडू पाठवले होते. माझा शुगरचा रिपोर्ट आल्यापासून मी हाउसआर्ट्ससमोर, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर, बायकोला गोड सोडल्याचा शब्द दिला होता. तरी तिने डबा कपाटाच्या अगदी वर, कुकरच्या खोक्यामागे ठेवला. त्या दुपारी ती अ‍ॅमस्टेलव्हीनला भारतीय दुकानात गेली होती, मुलगी शाळेत होती, आणि माझ्या दोन मीटिंगांच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी होती. मी कामाची खुर्ची ढकलत आणली आणि वर चढलो. लाडू हाती आला. पहिला घास इतका सुंदर होता की मी आनंदाने जरासा वळलो. खुर्ची माझ्यापेक्षा जास्त वळली.

पडणं मी स्वतःला माफ केलं असतं. पण त्यानंतर मी चांगल्या हाताने खुर्ची जागेवर नेली, डबा वर ढकलला, फरशी पुसली आणि बाहेर जाऊन सायकलजवळच्या पायरीवर कण्हत बसलो. बायको आली तेव्हा म्हणालो, "कोपऱ्यावरच्या वळणावर विटांवरून घसरलो." एवढं नियोजन मी नोकरीतही कधी केलेलं नाही.

पुढचे दिवस मात्र फार मजेत गेले. प्लास्टरला कुठला रंग हवा असं दवाखान्यात विचारल्यावर मी निळा फायबर निवडला, नव्या शर्टासारखा. अंघोळीला हातावर पावाची रिकामी पिशवी चढवून वर रबर लावायचा, आणि आत खाज आली की विणकामाची सुई. डाव्या हाताने जेवायला मन होईना, म्हणून बायको मला भरवू लागली. ओळखीच्या मराठी घरांतून डबे आले. साजूक तुपातला शिरा आला. शेवटी बायकोला इतकी दया आली की तिने स्वतःच कपाटावरचा डबा काढला. "हाड जुळायला तूप पोटात जायला हवं, एकाने काही होत नाही," असं म्हणत तिने लाडू माझ्या तोंडात भरवला. तसाच लाडू, त्याच डब्यातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, हात दुखतोय.

लाडू मी संपवला. हेही कबूल करतो.

पण हे सगळं दुसऱ्याच्या जिवावर चाललं होतं. "तुमच्यासारखा माणूस जिथे पडतो तिथे ती कशी जाईल?" असं म्हणून बायकोने मुलीची सायकल बंद केली होती. शाळेला जायला तेच एक वळण. चौदा वर्षांची पोर रोज बसथांब्यावर उभी राहायची आणि तिच्या मैत्रिणी तीन-तीनच्या रांगेत हसत तिच्यासमोरून जायच्या. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती उलट माझी ऑफिसची बॅग उचलायची.

त्यातच बायकोला ओट्याखाली लाडवाचा तुकडा सापडला. घरात उंदीर शिरलाय असं ठरवून तिने सापळा लावला. आणि शेजारचे डच आजोबा, निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यांनी माझी हकीकत शब्दशः घेतली. आपण म्हणतो "रस्ता खराब आहे" आणि विषय संपतो. इथे तिथून विषय सुरू होतो. त्यांनी त्या वळणाचे फोटो काढले आणि नगरपालिकेला द्यायचं पत्र तयार केलं. फक्त नेमकी जागा आणि माझी सही हवी होती.

शनिवारी ठरल्याप्रमाणे साडेदहाला ते आले, हातात फाइल आणि मोजपट्टी. बायकोने कॉफी केली. माझं डच हवामानापाशी संपतं, म्हणून मुलगी मध्ये दुभाषी म्हणून बसली. कुठल्या दिशेने येत होता, वेग किती, ब्रेक कधी दाबला, मी सगळ्याला "आठवत नाही" म्हणत होतो. मग तिने पुढचा प्रश्न सांगितला.

"बाबा, ते विचारतायत, चाक कुठल्या विटेवर होतं?"

तिच्या गळ्यात शनिवारीही बसचा पास लोंबत होता. मी तो बघितला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाकं पाच होती."

मग मी टेबलाकडे बघत सगळं सांगितलं. मुलगी एकेक वाक्य डचमध्ये करत गेली. आवाज आधी गंभीर होता, मग थरथरू लागला. लाडू कसा समजावायचा हे तिला कळेना, म्हणून तिने सरळ डबा आणून टेबलावर ठेवला. आजोबांनी लाडू पाहिला, माझं प्लास्टर पाहिलं, कपाटाचा माथा पाहिला. मग उठून मोजपट्टीने कपाटाची उंची मोजली आणि शांतपणे काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतात, या उंचीला चाकांची खुर्ची चुकीची आहे," मुलीने सांगितलं आणि तोंडात बाही कोंबली.

बायको अजून उभीच होती.

"किती खाल्लात?"

"अर्धा."

"अर्ध्या लाडवासाठी हात मोडलात?" तिची नजर हळूहळू ओट्याखालच्या सापळ्यावर गेली. "म्हणजे तो उंदीर तुम्ही."

"हो."

"मी घरभर उंदीर शोधला हो. तुमचा विचारसुद्धा मनात आला नाही."

हे ती हळू बोलली, आणि ते मनगटापेक्षा जास्त लागलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मुलीला हसू फुटलं, आजोबांना फुटलं, शेवटी मलाही. हसून झाल्यावर बायकोने डोळे पुसले. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला कळलं. मी माफी मागितली. तिने मानेनेच "नंतर" असं सांगितलं. ते नंतर आलं आणि बराच वेळ चाललं.

आजोबांनी दोन लाडू खाल्ले. एक वीट खरोखरच सैल निघाली होती, त्यामुळे पत्र ते पाठवणारच होते, फक्त माझ्याशिवाय. आम्ही त्यांना दारापर्यंत सोडलं तेव्हा मुलगी सायकल घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. ती वळणावरून गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि प्रत्येक वेळी आमच्या खिडकीसमोर घंटी वाजवत राहिली. बायको तिला आत ये म्हणाली नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी छोटी करवत हातात घेतलेल्या माणसाने विचारलं, "सायकल?"

मी बायकोकडे पाहिलं आणि माझ्या मोडक्या डचमध्ये म्हणालो, "नाही. खुर्ची. स्वयंपाकघर. गोड." तो इतका हसला की करवत बंद करून त्याला थांबावं लागलं. मग त्याला प्लास्टरवर मुलीने काढलेलं चित्र दिसलं, पाच चाकांची खुर्ची आणि पंख लावलेला लाडू. कापलेलं प्लास्टर टाकून देऊ का, असं त्याने विचारलं.

"टाकू नका," बायको सफाईदार डचमध्ये म्हणाली. "मला ते हवंय."

आता ते आमच्या कपाटावर, डब्याच्या पुढ्यात उभं असतं, चित्राची बाजू माझ्याकडे करून. डब्यात काय आहे ते मी विचारलेलं नाही.