फेकायला उचललेला वजीर

हे मी लिहिणारच नव्हते. आई म्हणाली, "घरातलं घरात राहू दे." पण आज सकाळी मावशीच्या बोटांचं प्लास्टर पाहिलं आणि डोकंच फिरलं.

मावशी चिकनच्या दुकानात कामाला. दिवसभर सुरा, हाडं, रक्त. बुद्धिबळाच्या क्लबात सगळे तिला 'कसाईण' म्हणतात, तिला ते आवडतंसुद्धा. खेळ शिकवला तिच्या नवऱ्यानं. (काका म्हणणार नाही मी त्याला.) घरी ती जिंकायला लागली की तो वजीर उचलून तिच्या तोंडावर फेकायचा. लाकडी, चांगला जड. भुवईवरची खूण त्याचीच. एकदा दातही पडला. शेवटी ती आमच्याकडे राहायला आली.

परवा स्पर्धेत नेमकी त्याच्याशीच गाठ! त्याचं रेटिंग तिच्यापेक्षा कितीतरी वर.

"मावशी, नको ना खेळूस."

"आज उठले तर जन्मभर उठतच राहीन गं."

समोर बसताच तो पुटपुटला, "हरलीस की गपचूप घरी यायचं."

"आधी घड्याळ दाब."

तिनं त्याचा घोडा कापला, मग उंट. कोंबडी सोलावी तशी, शांतपणे. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली. तरी डाव संपला नव्हता, कारण त्याचा वजीर त्याच्या राजाला खेटून उभा होता. तो तिथे असेपर्यंत मात होत नव्हती.

चाल त्याची होती. मग मावशी जराशी हसली. बस्स. त्यानं सवयीनं वजीर मुठीत धरला आणि हात उगारला. मावशीची मान आपोआप खाली गेली.

पंच शेजारीच उभे होते. "हात लावलात ना? मग नियमानं आता वजीरच हलवा."

कुठेही हलवला तरी मातच होती. त्यानं तो दुसऱ्या घरात दाणकन आपटला. मावशीनं मान वर केली, हत्ती सरकवला. "मात."

त्यानं पटाशेजारचं घड्याळ उचलून तिच्या बोटांवर हाणलं. कडकन आवाज झाला. पटावर रक्त. चौघांनी त्याला खाली दाबलं, तरी लाथा झाडत होता. मावशी हात छातीशी धरून म्हणाली, "पंचसाहेब, मात नीट बघून घ्या. मग दवाखान्यात जाते."

आता डाव्या हातानं सुरा चालवते, शिव्या देत देत.

तुमचीही कुणी ताई, मावशी, शेजारीण कुणाचा हात वर गेला की अशी मान खाली घालत असेल. फोनवर ती "बरंय" म्हणेल. तुम्ही जाऊन भेटा तिला. आजच जा, प्लीज.