कृष्णाजीअण्णांच्या गुरुवारच्या वह्या

आमच्या आणि कृष्णाजीअण्णांच्या घरात एकच भिंत. पलीकडे खोबरं किसलं तरी अलीकडे ऐकू यायचं, मग भांडण कसं लपेल? ते भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. मी तांदूळ निवडत बसले होते, एवढंच. आता सूप जरा भिंतीजवळ ओढलं असेन, ते सोडा.

सत्तावीस वर्षं झाली. अण्णांची एकुलती एक प्रतिमा तेव्हा अठराची. पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला होता आणि तिला बी.ए. करायचं होतं, साहित्य घेऊन.

"ही पुस्तकं तुला नोकरी देणार काय?" अण्णांचा आवाज.

"नाही देणार."

"मग काय देणार?"

"मला काय माहीत, अण्णा? माहीत नाही म्हणून तर शिकायचंय."

"माहीत नाही आणि तीन वर्षं घालवणार?"

"तुम्ही तीस वर्षं नकाशे गिरवताय. त्यातलं एक तरी यंत्र चालू झालेलं बघितलंत का?"

मग ताट आपटल्याचा आवाज. ती मथुरा, अण्णांची बायको. "दोघं आधी जेवा. उपाशीपोटी भांडलेलं मला चालत नाही. जेवून भांडा, मी पण येते," म्हणाली ती.

जेवणानंतर भांडण झालंच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा प्रतिमाला घेऊन गेले आणि बी.कॉम.चा फॉर्म भरून आले. त्या संध्याकाळी प्रतिमा माझ्या दारात, हातात पुस्तकांचा ढीग. "सगुणक्का, घरात पुस्तक दिसलं तर रद्दीत घालीन म्हणालेत. तुमच्याकडे ठेवू?" मी तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा करून दिला. नऊ पुस्तकं होती. तीन वर्षं ती कॉलेजातून आधी माझ्याकडे यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचायची, आणि दिवे लागायच्या आत शहाण्या मुलीसारखी आपल्या घरी जायची.

आता अण्णा कोण, ते सांगते. आम्ही गवीपूरमचे जुने मराठे. कधी काळी कुणा सरदाराच्या मागे इकडे कानडी मुलखात आलो आणि राहिलो. घरात मराठी, तीही कानडीत बुडवून काढलेली. शाळा कानडी, म्हणून अक्षरही कानडी. आमच्यातल्या कितीतरी जणांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मीच चौथी शिकलेली, कानडी चौथी. हे सुद्धा मी कानडी अक्षरात लिहितेय, माझी नातसून ऋचा ते बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेते. मधेच हसते. हसू दे.

अण्णा एका सरकारी कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे इंजिनियरनं पेन्सिलनं काढलेला नकाशा पातळ कागदाखाली ठेवायचा आणि वरून शाईनं गिरवायचा. हात असा स्थिर की रेघेवरून मुंगी चालली तर घसरणार नाही. कारखान्यात पाट्या हिंदीतही लिहाव्या लागायच्या, त्यामुळे बाळबोध अक्षरही छान यायचं. फक्त ते वाचायचे नाहीत. अक्षर बघायचे. त्यांच्या खात्याचा एकच नियम होता आणि तो ते आम्हाला भाजी निवडतानाही सांगायचे. "मूळ कागदावर जे आहे ते सगळं उतरवायचं. काय गरजेचं, काय नाही, ते ठरवणारे आपण कोण?"

प्रतिमा बी.कॉम. झाली. होसकोट्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. लग्न झालं, नवरा पुण्याचा, यशोवर्धन, संशोधन संस्थेत इंजिनियर. भला माणूस. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, घर घेतलं. मुलगी झाली, चंदना. दरम्यान मथुरा गेली. प्रतिमा दर रविवारी यायची, पण डब्याबद्दल कधी विचारलं नाही, मी पण काढला नाही. माणसं कामाला लागली की असं होतं.

दोन वर्षांपूर्वी, होसकोट्याहून परत येताना, ऑफिसच्या बसमध्ये तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. शेजारच्या बाईला वाटलं, झोपलीय. त्रेचाळीस वर्षांची होती.

अण्णा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नेहमीसारखे दूध आणायला गेले आणि माझीही पिशवी घेऊन आले. मीही पिशवी घेतली आणि दूध तापवलं. उतू गेलं नाही. कसं गेलं नाही, मला अजून कळत नाही.

आणि चंदना. चौदा वर्षांची पोर. शाळेत जात होती, पंच्याण्णव टक्के मिळवत होती, ताट धुऊन ठेवत होती. फक्त बोलायची नाही. "जेवणार?" "सरी." "येणार?" "नको." सरी म्हणजे बरं. वर्षभर या दोन शब्दांवर चाललं. यशोवर्धन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते म्हणाले, वेळ द्या. त्यानं वेळ दिला, आणि रिकामा वेळ वाईट म्हणून कोचिंग क्लासही लावला. तोही काय करणार? रविवारी तिला आमच्या गल्लीत सोडायचा आणि गाडीत बसून राहायचा. एकदा मी खिडकीतून बघितलं. स्टिअरिंगवर हात ठेवून गाडी चालवत असल्यासारखा समोर बघत होता. गाडी बंद होती.

अण्णा नातीशेजारी ओट्यावर बसायचे. दोघं समोरचा विजेचा खांब बघायचे. एका रविवारी मला ते बघवेना. चंदना घरी गेल्यावर मी तांदळाचा डबा ओढत त्यांच्या घरी नेला.

"हे काय, सगुणक्का?"

"तिचं आहे. तुम्ही रद्दीत घालणार होता ते."

त्यांनी झाकण काढलं. एक पुस्तक हातात घेतलं, वास घेतला. तांदळाचाच आला असणार. "मी काय करू याचं?"

"नातीला द्या."

"तिला बाळबोध कुठं येतं? प्रतिमाला शाळेत हिंदी होतं, हिला कानडी आणि फ्रेंच आहे."

"मग मला काय विचारता? चाळीस वर्षं काय केलंत?"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बसले. शंभर पानी वही, काळी शाई, डाव्या हाताला पुस्तक. मराठी गोष्ट, कानडी अक्षरात. सकाळी नऊ ते एक, दुपारी दोन ते चार, कारखान्याची वेळ. आठवड्याला एक वही भरायची. दर गुरुवारी बसनं हेब्बाळला जाऊन ती चंदनाला द्यायची आणि वाचून झालेली परत आणायची. वही भरली की गोष्ट कुठेही थांबायची. मधल्या वाक्यातही. "कागद संपला की थांबायचं," म्हणाले.

यशोवर्धननं पहिली वही बघितली आणि सासऱ्यांना म्हणाला, "पप्पा, मराठी, कानडी लिपीत? पुण्यात दाखवलं तर लोक आपल्याला हाकलून देतील." हसायचा प्रयत्न केला त्यानं. मग हळूच म्हणाला, "वाचेल ती?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले.

चंदना वह्या घ्यायची, परत द्यायची. वाचते की नाही, कुणी विचारलं नाही. चौथ्या वहीच्या सुमाराला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, मी वैतागलेली. रविवारी ती ओट्यावर होती, वही शेजारी. मी म्हटलं, "चंदना, ती वही वाच की मला. नाहीतर मी बोलत बसेन आणि तुला ऐकावं लागेल."

हा धाक कामाला आला. ती वाचायला लागली. आवाज सपाट, रेल्वेच्या घोषणेसारखा. गोष्ट एका बाईची होती. नवरा बोटीवर गेलेला, पत्र येत नाही, ती रोज पोस्टात जाते.

"'पोस्टमास्तरांनी मान हलवली. तिनं पदर सावरला आणि ती परत फिरली. सगुणक्काची डाळ करपली वाटतं, वास येतोय, पण हे पान सोडवत नाही.'"

मी पट्टीखालून डोळा उघडला. "थांब. परत वाच."

तिनं परत वाचलं. मग म्हणाली, "अज्जी, त्या गावात तुम्ही कशा?"

वर्षभरातलं तिचं पहिलं लांब वाक्य. आणि ते माझ्या करपलेल्या डाळीवर.

मला कळलं. प्रतिमाला पुस्तकाच्या कडेला पेन्सिलनं लिहायची खोड होती. आणि अण्णा! मूळ कागदावर जे आहे ते सगळं. गोष्ट आणि कडेचं, सगळं एका ओळीत, एका शाईत, एकसारखं उतरवलं होतं त्यांनी. "हे तुझ्या आईचं आहे गं," म्हटलं मी. "माझ्या उंबऱ्यात बसून लिहिलेलं."

ती पुढे वाचत गेली. आता अंदाज घेत, चाचपत. "'इथं ही गप्प का बसली? मी असते तर पोस्टाची खिडकी फोडली असती.' हे आई." पुन्हा गोष्ट. मग एक जागा आली. त्या बाईला शेवटी कळतं की नवरा परत येणार नाही, आणि ती घरी येऊन भाकरी थापते. त्यापुढे होतं, "'हिला रडू येत नाही. मलाही कधी कधी येत नाही. म्हणजे असं होतं माणसांना. मला वाटायचं मीच तशी.'"

चंदनानं ती ओळ दोनदा वाचली. वही मिटली. रडली बिडली नाही, उगाच खोटं कशाला लिहू? म्हणाली, "अज्जी, कॉफी आहे?" मी चाचपडत कॉफी केली. दोघींनी प्यायली. जाताना तिनं विचारलं, "अशा अजून किती वह्या होतील?"

अण्णांना मी खडसावलं. "उतरवताना वाचलं नाहीत काय?"

"अक्षर बघितलं."

"आणि अर्थ?"

"अर्थाचं आमच्या खात्यात नव्हतं, सगुणक्का."

मला ते कधी पटलं नाही. पण माणूस एवढं सांगतोय तर राहू द्यावं.

तेव्हापासून चंदना बोलायला लागली असं नाही. विचारायला लागली. हा माणूस असा का वागला? ती बाई घर सोडून का गेली नाही? आईनं इथं फुली का मारली? मी मला वाटेल ते सांगायची, ती म्हणायची, "नाही अज्जी, आधीच्या पानावर वेगळं आहे." चौथी शिकलेल्या बाईशी असं कुणी वाद घालत नाही. मला मजा यायची. पोरं गणित शिकतात तेव्हा उत्तर मागं छापलेलं असतं. इथं उत्तर कुणाकडेच नव्हतं, तरी तिला ते हवं होतं, आणि हवं असणं हेच तर वर्षभर हरवलं होतं.

दहावी झाली आणि ती बापाला म्हणाली, "मला आर्ट्स घ्यायचंय."

यशोवर्धन तिला घेऊन थेट अण्णांकडे आला. भिंत तीच होती. सूप ओढायची गरज पडली नाही, दार उघडं होतं, मी सरळ आत जाऊन बसले.

"पप्पा, हिला सायन्स मिळतंय. कोचिंगचं एक वर्ष झालंय. कथा काय, सुट्टीत वाचता येतात." आवाज चढवला नाही त्यानं. "तुम्हीच सांगा तिला. प्रतिमालाही तुम्हीच समजावलं होतं ना?"

अण्णा हाताच्या बोटांकडे बघत होते. मधल्या बोटाला शाई लागलेली. "समजावलं होतं," म्हणाले. "तिनं ऐकलं. चांगली मुलगी होती."

"मग?"

"मग काही नाही. हिला सांगणार नाही मी."

"पण कारण काय, पप्पा?"

"आठ वह्या उतरवल्या. चौथ्या वहीपासून ती मलाही विचारतेय, असं का, तसं का. मला एकाचंही उत्तर आलं नाही. मी अठ्ठ्याहत्तरचा. तिला शिकू दे. कुणाला तरी यायला पाहिजे."

यशोवर्धन खुर्चीत तसाच बसला. चंदनानं त्याच्या हातात फॉर्म दिला नाही, फक्त टेबलावर ठेवला. त्यानं खिशात पेन शोधलं, मिळालं नाही. अण्णांनी आपलं दिलं. सही केल्यावर तो म्हणाला, "प्रतिमाचं एक तरी पुस्तक मी वाचायला हवं होतं." मी पोहे केले.

जानेवारीत, एका शुक्रवारी सकाळी, दूध घेऊन अण्णा आले नाहीत. झोपेतच गेले. टेबलावर सहावं पुस्तक उघडं होतं, निम्म्यावर. चंदनाकडची वही एका वाक्याच्या मध्ये थांबलेली. तेराव्याच्या नंतर ती आली, नऊच्या नऊ पुस्तकं पिशवीत घातली आणि ऋचाला म्हणाली, "वहिनी, मला बाळबोध शिकव." आता शनिवारी येते. जोडाक्षराला अडखळते, चिडते, परत वाचते. कॉलेजातून कानडी पुस्तकंही आणते. मला वाटतं, तिचं बरं चाललंय. बरं म्हणजे काय, ते मला विचारू नका.

तो शेवटचा गुरुवार सांगून थांबते. त्यात काही नव्हतं. अण्णा दहाला बाहेर पडले, कानटोपी, कापडी पिशवी, पिशवीत वही. मी कॉफीपूड आणायला सांगितली. "चिकोरी किती?" म्हणाले. "स्वल्प," म्हटलं मी. हेब्बाळला चंदना, सकाळचं कॉलेज आटोपून आलेली, खाली आली. त्यांनी वही दिली, जुनी घेतली. "जेवलीस काय?" "जेवले." "सरी," म्हणाले आणि बसकडे वळले, असं तिनं सांगितलं. साडेतीनला परत आले, पुडी माझ्या हातात दिली. ताजी दळलेली, अजून गरम होती.

"आज जाताना-येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली," म्हणाले, आणि कुलूप काढून आत गेले.