वरंगळच्या ओसरीवरचे चार मोजणीदार

जमीन मोजून संपते, किस्से मोजून संपत नाहीत. आम्हा मोजणी खात्यातल्या माणसांचा हा अनुभव आहे. दिवसभर उन्हात साखळी ओढायची आणि संध्याकाळी सावलीला टेकून कोण कुठे फजीत झाला ते एकमेकांना सांगायचं. अशी दहा-पंधरा वर्षं गेली की नकाशांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. माझ्याकडचे सगळ्यांत जुने किस्से एकाच उन्हाळ्याचे आहेत. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही हिंगोलीकडचे चौघे वरंगळला तेलुगू शिकायला गेलो होतो, त्याचे!

निजामाचं राज्य होतं. बदली कुठंही होईल, तेव्हा मराठी मुलखातल्यांनी तेलुगूचा इम्तिहान द्यावा, अशी खात्याची ऑर्डर निघाली. मी गोरेगावचा दिगंबर, नवाकोरा मोजणीदार. दुसरा हिंगोलीच्या कापडवाल्यांचा शेख मकबूल, अंगानं चांगला भरलेला. तिसरा नरसीचा नामदेव. नरसीत दर तिसरा माणूस नामदेव, म्हणून आम्ही त्याला नाम्या म्हणायचो. आम्ही तिघे फेल झालो असतो तर पुढच्या वर्षी पुन्हा बसलो असतो.

चौथ्याचं तसं नव्हतं. सेनगावजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा थावरा राठोड अकरा वर्षं खात्याची साखळी ओढत होता. ओढता ओढता तो लिहायला, वाचायला, नकाशा काढायला शिकला. आमच्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता, "थावरा, तेलुगू पास झालास तर मोजणीदार करतो. फेल झालास तर पुन्हा साखळी, आणि मग विषय काढायचा नाही!" एकच संधी. त्याला पोचवायला अख्खा तांडा हिंगोली स्टेशनवर आला होता. आमच्या तिघांच्या घरचं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

*

मकबूलला काळजी अशी नव्हतीच. "उर्दू येती ना? मग काहून डोकं फोडून राहिले?" असं तो पूर्णा जंक्शनपासून ऐकवत होता. आणि वरंगळच्या बाजारात खरंच त्याचं काही अडेना. पानवाला उर्दू, टांगेवाला उर्दू, दूधवालासुद्धा उर्दू! तीन आठवडे झाले तरी स्वारी तेलुगूत कोरडी.

आमचे मास्तर म्हणजे पंतुलू. पेन्शनीत निघालेले, किडकिडीत, मिशीतल्या मिशीत हसणारे. ते मकबूलला एका शब्दानं बोलले नाहीत. एक दिवस मकबूल क्लासला उशिरा आला. पाहतो तर अर्धी दाढी साफ, अर्धी जशीच्या तशी!

"काय झालं रे?"

"न्हाव्यानं एक बाजू केली आन् वस्तरा पुसून बसला की! उर्दूत लाख सांगितलं. ऐकूनच घेईना. म्हणतो, तेलुगूत सांगा!"

पंतुलूंनी गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला आधीच बजावून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं. "ई वैपु कूडा," म्हणजे "ही बाजूसुद्धा." मकबूल ते घोकत पळत गेला आणि गुळगुळीत होऊन परत आला. त्यानंतर तो हळूहळू आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

*

आम्ही राहायचो एका विणकराच्या ओसरीवर. त्याची बायको लक्ष्मम्मा आमचं रांधायची. बाई मोठी मायाळू, पण तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि आम्हाला तेलुगूच येत नव्हतं.

मकबूलचं पाहून आम्हाला चेव आला. ठरवलं, जेवताना मराठी बंद! जो बोलेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं पाणी शेंदायचं. झालं! मराठी बोलायची नाही आणि तेलुगू सुचायचं नाही. तीन दिवस चौघे खाली माना घालून मुकाट जेवलो. मीठ मागायचं तरी बोटानं दाखवायचं.

चौथ्या दिवशी लक्ष्मम्मानं पानंच मांडली नाहीत. नवऱ्याला मागावरून उठवून आणलं. त्यानं आम्हाला एका रांगेत बसवलं आणि तासभर समजावलं. त्यातलं "भाऊ" आणि "परमुलूख" एवढं कळलं. शेवटी त्यानं आमचे हात एकमेकांच्या हातांत दिले, मिठ्या मारायला लावल्या आणि लक्ष्मम्मानं डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं होतं, आमचं कडाक्याचं भांडण झालंय!

मिठीतच थावरा माझ्या कानाशी पुटपुटला, "दिगूभौ, भांडण न्हाई तर एवढं केलं ह्या लोकायनं. खरं झालं असतं तर काय केलं असतं!"

तो मराठीत बोलला, म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी त्यानंच शेंदलं.

*

आता माझी फजिती. स्वतःची सांगितल्याशिवाय दुसऱ्याची सांगायचा हक्क नाही.

मी पुस्तकातली चाळीस वाक्यं तोंडपाठ केली होती आणि त्याचा मला फार तोरा होता. वैशाखात लक्ष्मम्मानं वर्षाचं आवकाय घालायला काढलं. कैरीचं लोणचं हो, पण आपल्यासारखं नव्हे. मोहरीचं पीठ, तिखट, तेल, सगळं परातीपरातीनं! मी म्हटलं, मदत करावी. परक्या बाईच्या स्वयंपाकात हात घालायचा तर स्वच्छ असावा, म्हणून विहिरीवर जाऊन हात कोपरापर्यंत खसाखसा धुतले आणि तसेच निथळते हात बरणीत खुपसले!

लक्ष्मम्मा केवढ्यानं ओरडली! मी हसून माझं अकरावं वाक्य म्हटलं, "माझे हात स्वच्छ आहेत." ती आणखी ओरडली. मी पुन्हा तेच म्हटलं. जन्मात कधी लोणचं घातलेलं नाही, पाण्याचा थेंब गेला की ते नासतं हे मला काय ठाऊक!

ती बरणी मग नासायच्या आत संपवणं आलं. संपवायची कुणी? आम्ही! पंधरा दिवस दोन्ही वेळा तेच. पंतुलूंनी नवीन शब्द विचारला की चौघांच्या तोंडून फक्त "हा... हू..." एवढंच निघायचं.

*

नाम्याला रस्ता विचारायची लाज वाटायची. म्हणून तो पावलं मोजायचा. मोजणीदाराचं पाऊल सारखं पडतं, त्याला त्याचा अभिमान. क्लासपासून ओसरी नऊशे बारा पावलं. मान खाली घालून मोजत निघायचा आणि नऊशे बाराला उजवीकडे वळून पायरी चढायचा.

एकदा पंतुलूंनी त्याच्या डोक्यावर आंब्यांची पाटी दिली. ओझ्यानं पाऊल आखूड पडलं. नऊशे बाराला तो वळला, चढला, पाटी ठेवली, पाय धुतले आणि पाटावर बसला. ओसरी जरा सारवलेली, रांगोळी घातलेली दिसली. त्याला वाटलं, काही सण असेल.

ते घर आमच्या तीन घरं अलीकडचं! तिथं त्या दिवशी मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते. बाहेरगावचा वाटणारा, टोपीवाला, फळांची पाटी घेऊन आलेला तरणा माणूस पाहून त्यांनी त्याला वाढलं. जे विचारलं त्याला नाम्या मान डोलवत गेला. मुलगी पाणी ठेवून गेली, तिलाही मान डोलवली. तेवढ्यात खरे पाहुणे दारात उभे!

नाम्या परत आला तो घामानं भिजून. आम्ही विचारलं, "काय झालं?"

"जेवण झ्याक होतं. पोरगी बी चांगली हाये," तो म्हणाला, "पण पावलं पुन्यांदा मोजावी लागतीन!"

*

थावराला बोलणं बऱ्यापैकी यायला लागलं, पण अक्षरं काही केल्या बसेनात. पाटीवर एक अक्षर काढून तो घटकाघटका बघत राहायचा.

"पंतुलू, ह्या लिपीत एक बी धुरा, एक बी बांध सरळ न्हाई. जिकडं पाहावं तिकडं विहिरीच विहिरी!"

पंतुलू मिशीत हसले आणि म्हणाले, "मग विहिरी मोज." तेव्हापासून थावरा अक्षरांचे नकाशे काढू लागला. ही विहीर, हिला वरून पायवाट. ही विहीर, हिच्या शेजारी झाड. त्याची पाटी पाहिली की एखाद्या गावाचं शिवार वाटायचं. अक्षरं ओळखू लागला, पण वाचायचा फार सावकाश. इम्तिहानाला आठ दिवस उरले आणि त्याचा धीर सुटला. भर दुपारी त्यानं गाठोडं बांधलं.

"मी साखळी वढाया बरा हाये, दिगूभौ. तांड्यावर सांगीन, जमलं न्हाई. हसतीन चार दिवस."

अकरा वर्षं उन्हात राबलेला माणूस, वयानं माझ्याहून मोठा, आणि तो गाठोड्याला दुसरी गाठ मारत होता. मकबूल उठला आणि आपला सगळा देह घेऊन त्या गाठोड्यावर बसला.

"जा ना. न्हाई कोण म्हणतं? फकस्त मला उठव आन् गाठोडं घेऊन जा!"

थावरानं ओढून पाहिलं. मग तोच हसायला लागला आणि पाटी घेऊन बसला.

*

इम्तिहान झाला मृगाच्या आत. लेखी सकाळी झाला, त्यात थावरा कसाबसा काठावर तरला. तोंडी परीक्षा मात्र शहराबाहेरच्या एका गावात, चक्क शेतात होती. प्रत्येकाला धुऱ्याची तक्रार असलेला एक खरा शेतकरी द्यायचे. त्याच्याशी बोलायचं, साखळी लावायची, निकाल समजावून सांगायचा, सगळं तेलुगूत. दुसऱ्या भाषेतला एक शब्द आला की फेल! हैदराबादचे साहेब बाभळीखाली खुर्चीवर बसले होते. त्यांना तेलुगू येत नव्हतं, म्हणून शेजारी शेरा लिहायला एक म्हातारे मुन्शी होते.

मकबूल झटक्यात सुटला. नाम्या सुटला. माझ्या चाळीस वाक्यांपैकी चार उपयोगी पडली, पण सुटलो. मग थावराचं नाव पुकारलं आणि समोर आली एक म्हातारी. आरशांची काचोळी, कोपराच्या वर बांगड्या, हातात काठी. तीही तांड्याचीच! वरंगळकडेही तांडे आहेत हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

तिनं थावराकडे एकदाच निरखून पाहिलं आणि त्यांच्या बोलीत सुरू केलं. कोणत्या तांड्याचा? बाप कोण? इतक्या लांब कसा आलास लेकरा? शब्द कळत नसले तरी ती काय विचारते हे आम्हाला उमगत होतं. थावराचं तोंड एवढंएवढंसं झालं. आपल्या बोलीत उत्तर द्यावं तर फेल, आणि तांड्यावरच्या वडीलधाऱ्या बाईला परक्या भाषेत उत्तर देणं म्हणजे तिचा अपमान!

तो हात जोडून अडखळत तेलुगूत म्हणाला, "अम्मा, बसा. उत्तरेकडचा हद्दीचा दगड कुठं आहे?"

म्हातारी भडकली. पुन्हा आपल्या बोलीत बोलली, आता वरच्या पट्टीत. थावरानं पुन्हा तेलुगूतच दगड विचारला. तिनं काठी उगारली. मुन्शी चष्म्यावरून पाहत होते.

थावरानं मग विचारणं सोडलं आणि स्वतःच दगड शोधायला लागला. बांधावरची बोरी-बाभळी हातानं बाजूला केली, काटे लागले, रक्त आलं. शेवटी मातीत गाडलेला जुना दगड सापडला. तिच्या शेजाऱ्यानं चार हात आत रेटलेल्या धुऱ्याच्या पलीकडं! थावरानं साखळी लावली, नकाशा तिच्या पायाशी पसरला आणि एकेक बाजू तेलुगूत सांगितली. चुकत, थांबत, पुन्हा सांगत. म्हातारीची काठी हळूहळू खाली आली.

मुन्शी म्हणाले, "आता विचारा, बाईंना मोजणी मान्य आहे का?"

थावरानं विचारलं. म्हातारी काठीच्या आधारानं उठली. त्याच्याकडं न बघता बाभळीखाली गेली आणि मुन्शींसमोर उभी राहून खणखणीत तेलुगूत बोलली. आम्ही तिघांनी दोन महिन्यांत जमवलेल्या तेलुगूहून शंभरपट स्वच्छ!

"मोजणी बराबर आहे. पोराचं तेलुगू मात्र अगदीच कच्चं आहे. तरी पुढच्या खेपेला आमच्याकडं ह्यालाच धाडा!"

साहेबांनी खुर्चीतून वाकून विचारलं, "क्या कहती है बुढ़िया?"

मुन्शींनी टाक दौतीत बुडवला आणि शेरा लिहिता लिहिता म्हणाले,

"पास कहती है, हुजूर!"