भोंगाताई आणि सौजन्याचा वर्ग

वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या सगळ्या जणी कापसावरून चालल्यासारख्या बोलायच्या. अपवाद एकच, भोंगाताई. तिचं खरं नाव साहेबांनाही डोकं खाजवून आठवावं लागे. घरी तिने "चहा झाला!" म्हटलं की वरच्या मजल्यावरून उत्तर येई, "आम्हाला नको!" नवरा मुळातच अबोल, लग्नानंतर त्याला बोलायची गरजच उरली नाही.

नियम असा, की फोन उचलल्यावर आधी नमस्कार, मग आभार, मग दिलगिरी आणि मग मशीनचा नंबर. भोंगाताई म्हणायची, "नंबर गेला खड्ड्यात, आधी प्लग काढा!"

मग नवे साहेब आले आणि त्यांनी 'सुसंस्कृत संभाषणा'चा वर्ग लावला. शिकवायला आलेले गृहस्थ इतके सावकाश बोलत, की वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याची एक डुलकी काढून व्हायची. बायकांनी त्यांचं पहिल्याच दिवशी 'गुरुजी' करून टाकलं. साहेबांनी भोंगाताईला बजावून ठेवलं होतं, "गुरुजी नाही म्हणाले, तर तुमची खुर्ची खाली स्टोअरमध्ये."

स्टोअरमध्ये रबरी पाइप, पट्टे आणि ट्यूबलाइट. बोलायला चिटपाखरू नाही.

"सुऽसंस्कृत माणूस कोऽण?" गुरुजींनी वर्गात विचारलं.

"पुस्तकं वाचतो तो," एक जण म्हणाली.

"तोंड मिटून जेवतो तो."

"आवाज चढवत नाही तो," साहेब भोंगाताईकडे बघून म्हणाले.

"छाऽन. आता एक नमुऽना ऐकू या. असं बोऽलू नये." गुरुजींनी बटण दाबलं. परवाचा रेकॉर्ड झालेला फोन होता, एका म्हातारीचा.

"अहो, तुमच्या मशीनमधून पाणी येतंय! मी पांढरे कपडे टाकले, म्हणजे सुनेने टाकले, ती म्हणते मी टाकले..."

"आजी, सुनेचं नंतर बघू! मागचा नळ बंद करा! पळा! नको, पळू नका, घसराल! भिंत धरून जा!"

"ओरडतेस काय गं? बहिरी आहे का मी?"

"नळ!"

आणि खट्. फोन बंद.

बायका तोंडाला पदर, ओढणी, मिळेल ते लावून खुदखुदत होत्या. भोंगाताई मात्र खाली मान घालून बसली होती. स्वतःचा आवाज तिने जन्मात पहिल्यांदाच ऐकला होता.

"काऽय चुकलं?" गुरुजींनी विचारलं.

"मी फोन ठेवला," भोंगाताई हळूच म्हणाली. हळूच म्हणजे खिडकीच्या काचा थरथरल्या नाहीत इतकंच. "दुसरा वाजत होता म्हणून ठेवला. पण पाणी थांबलं का, म्हातारी पडली का, काही विचारलं नाही. लाज वाटते हो. आत्ता विचारू?"

"अहो, परवाची तक्रार ती!" साहेब म्हणाले.

"म्हणून तर."

गुरुजींना यात सरावाची संधी दिसली. "कराऽ. पण सौऽजन्याने. आणि आम्हालाही ऐकू द्याऽ."

खुर्ची डोळ्यांपुढे ठेवून भोंगाताईने फोन लावला आणि हुबेहूब गुरुजींचा सूर लावला. "नमस्काऽर. आमची कंपनी निवडल्याबद्दल आऽपले आभाऽर. आपल्याला झालेल्या तऽसदीबद्दल..."

"मला काही विकत घ्यायचं नाही," म्हातारी म्हणाली आणि तिने फोन आपटला.

वर्गात हसू फुटलं. भोंगाताईने गुरुजींकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मनातल्या मनात खुर्चीला रामराम ठोकला आणि पुन्हा नंबर फिरवला. "आजी! मी परवाची! नळवाली!"

"अगं, मग तसं सांग ना! मघाशी कोण बोलत होतं? घरात कुणी गेल्यासारखं!"

"मीच. ते राहू द्या. इथे सगळे ऐकताहेत हं, आधीच सांगते. पाणी थांबलं का?"

"परवाच थांबलं. आणि तू आज विचारतेस?"

"चुकलं, आजी. पडला नाहीत ना?"

"भिंत धरून गेले ना, तू सांगितलंस तशी. सूनबाई मात्र पलंगावर चढून बसली होती."

"आणि पांढरे कपडे कुणी टाकले होते? तेवढं ऐकायचं राहिलं माझं."

म्हातारीने आवाज खाली आणला. "मीच गं. पण तिला सांगू नकोस."

"अहो, सगळे ऐकताहेत म्हटलं ना!"

"ऐकेनात! त्यांना काय माझी सून भेटणारे?"

सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं, तर गुरुजी. चांगलं खणखणीत, दोन्ही हातांनी पोट धरून.

"मग काय करायचं यांचं?" साहेबांनी विचारलं.

"असू द्या इथेच," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, आणि एकही अक्षर लांबलं नाही. "फक्त नमस्कार तेवढा म्हणत जा, ताई."

"म्हणेन की. पाणी वाहत नसेल तेव्हा."

साहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायच्या आत भोंगाताई बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसलीसुद्धा. फोन वाजतच होता, तो तिने उचलला. इकडे गुरुजींनी पुढचा धडा सुरू केला, दोन वाक्यं बोलले, थांबले आणि उठून वर्गाचं दार लावून आले.

काही फरक पडला नाही.