धुरीच्या ताटातले किडे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते — कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ, शकू. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. ती लग्न होऊन वाटूरला आमच्या घरी आली तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तरीण होते. पगार घरात मी आणायची. आणि सासूबाई कौतुक कुणाचं करायच्या? शकूच्या हसण्याचं. एकसारखे, पांढरेशुभ्र दात — ती हसली की माझा नवरासुद्धा मान वर करून बघायचा. माझे दात पुढे आलेले. लग्नाच्या फोटोतही मी ओठ मिटून बसले आहे. मी जळत होते, दुसरा शब्द नाही. भाकरी थापताना जळत होते, फळ्यावर लिहिताना जळत होते.

शकूला गुळाचा भारी नाद. रात्रीसुद्धा गुळाचा खडा तोंडात धरूनच झोपायची. पुढे तिच्या समोरच्या दोन दातांच्या फटीत काळा ठिपका आला. तो सगळ्यांच्या आधी मला दिसला. का दिसणार नाही? माझी नजर तिथेच तर असायची.

त्याच सुमारास शाळेत दातांचे डॉक्टर आले. दातात किडा-बिडा काही नसतो, म्हणाले. गोड चिकटून राहतं, त्याचं आंबट होतं, ते दात पोखरतं. रात्री जेवल्यावर दात घासा, गोड खाल्लं की चूळ भरा, ठिपका दिसला की लगेच भरून घ्या — दात वाचतो. मग त्यांनी रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं, बी फोडून आतला पांढरा कोंब दाखवला. गावात दात दुखला की याच बियांची धुरी तोंडात घ्यायचे, आणि खालच्या पाण्याच्या ताटात पांढरे ‘किडे’ पडायचे. ते किडे म्हणजे निखाऱ्यावर तडकलेल्या बियांतून उडालेले हे कोंब! मी पोरांकडून हे सगळं घोकून घेतलं. आणि घरी? घरी एक अक्षर नाही.

एक दिवस शकू ओठावर पदर दाबून माझ्यापाशी आली. "अक्का, तुमी शिकलेल्या हाव. धुरी घिऊ, का जालन्याला दवाखान्यात जाऊ?"

सासूला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही — मला विचारलं. आणि मी काय म्हणाले?

"धुरीच घे. किडे पडले की थांबंल."

मी स्वतः तिला धुरी देणाऱ्या बाईकडे घेऊन गेले. निखाऱ्यावर बी तडतडलं. ती धूर घेत राहिली, डोळ्यांतून नुसतं पाणी. ताटात कोंब पडले. "अक्का, बघा किती किडे! आता बिलकुल दुखत न्हाई!" — आणि हसली. तेव्हाही बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी ताटाकडे बघत राहिले.

मग दुखलं की धुरी, दुखलं की धुरी. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा भरण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचे दोन्ही दात काढावे लागले. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. मी जेवले. पोटभर जेवले.

कवळी बसवून किती वर्षं झाली, तरी शकू हसताना पदर तोंडाशी नेते. जुना विषय निघाला की सुनांना सांगते — मला दुखत होतं तर अक्का स्वतः घेऊन गेल्या, फार जीव त्यांचा माझ्यावर. मी तिथेच बसलेली असते. ऐकून घेते.