आई करते ना!

तिकीटबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं नाव काही निवृत्त झालं नाही. बस आगाराच्या तिकीट खिडकीमागे तिने उभी हयात काढली होती. काचेतल्या त्या अर्धगोल भोकातून तिने भल्याभल्यांना रांगेत उभं केलं. मध्येच घुसणारा असो, दमदाटी करणारा असो, नाहीतर "बस सुटतेय हो" म्हणून गळा काढणारा असो, सगळ्यांना एकच न्याय. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण गल्लीत कोणाकडे दुखलंखुपलं की सगळ्यांच्या आधी हीच दारात हजर. त्यामुळे लोक तिला घाबरायचे आणि अडचणीत तिच्याकडेच यायचे.

अडचणीतले लोक येत ते एका ठरावीक कामासाठी. तिकीटबाई पहाटे उठून प्रार्थना करायची. घर झोपलेलं असायचं, ही खुर्ची ओढून बसायची आणि एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून त्याचं नाव पहिलं. लोखंडी दोरावर जीव टांगणाऱ्याला देवाचा आधार जरा जास्तच लागतो, असं तिचं मत होतं. मग सून, मग नात. मग शेजारची शिंपीण आणि तिचे अधू होत चाललेले डोळे, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि त्याचा घर सोडून गेलेला भाऊ, अशी नावं वाढतच जायची. "तिकीटबाई, उद्या पोराची मुलाखत आहे, नाव घ्या हो," म्हणून कोणी जिन्यात गाठायचं, आणि ती घ्यायची. नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. मुलाला कोणी विचारलं, तू नाही का रे प्रार्थना करत, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "आई करते ना!"

सून मात्र वेगळ्या पठडीतली. देव आहे का, असं विचारलं तर "मला माहीत नाही" असं सरळ सांगून मोकळी व्हायची. मानसशास्त्र शिकलेली, शाळेत मुलांशी बोलायची नोकरी करणारी. लग्नानंतर शिक्षण राहूनच गेलं होतं. नात शाळेत रुळली तसं तिकीटबाईनेच एक दिवस तिला फर्मावलं, "डोकं गंजवू नकोस. नाव घाल विद्यापीठात. पोरगी मी बघते." सुनेने डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो असा की, घरातली श्रद्धा, घरातली माणसं आणि मनाचं स्वास्थ्य यांचा एकमेकांशी काय संबंध असतो. ते ऐकून सासूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने गल्लीभर सांगितलं, "माझी सून श्रद्धेवर संशोधन करतेय. आता बघा, जे आम्ही जन्मभर सांगत आलो तेच पुस्तकात छापून येईल."

संशोधनाची पद्धत सोपी होती, निदान कागदावर. प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बसवायचं आणि तेच तेच प्रश्न विचारायचे. झोप शांत लागते का? मनातलं कोणाशी तरी बोलता का? प्रार्थना एकट्याने करता का? सगळ्यांबरोबर करता का? घरात तुमच्यासाठी कोणी करतं का? प्रत्येक प्रश्नाला "कधीच नाही"पासून "नेहमी"पर्यंत उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. पण पहिल्याच घरात सुनेचं घोडं अडलं. आधी दारच उघडेना, आणि उघडलं तर माणूस एकटा सापडेना. बायकोला विचारावं तर नवरा उत्तर देतो, नवऱ्याला विचारावं तर बायको आतून ओरडते, "अहो, तुम्हाला कुठे झोप लागते, खोटं कशाला सांगता!" आजोबांच्या उत्तरावर घरातले सगळे मिळून मत देतात. सून रडकुंडीला येऊन घरी परतली.

दुसऱ्या दिवशी तिकीटबाई चपला घालून तयार. "चल. दार मी उघडते आणि माणसं मी आवरते." मग काय विचारता! ती रोज जायची आणि सभेत सगळ्यांची नावं घ्यायची, त्या प्रार्थनागृहातल्या ओळखीची घरं होती, तिकीटबाईला कोण नाही म्हणणार? ती सुनेला आतल्या खोलीत बसवायची, स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि घरच्यांना दरडावायची, "एका वेळी एकच! बाकीचे तिकडे. कान लावलेला चालणार नाही." लोकांच्या घरात बसून लोकांनाच हाकलायची हिंमत तीच करू जाणे. आतलं एक अक्षर तिने कधी विचारलं नाही, सुनेने सांगितलं नाही. पण बोलताना ती "आमचं संशोधन" म्हणायला लागली होती.

एकच गोष्ट तिला टोचायची. गावभर विचारून झालं, पण घरच्या माणसांना विचारायचं नाही, असा नियम. "सगळ्या जगाला झोपेबद्दल विचारतेस, आणि सासूला नाही!" ती कुरकुरायची. सून हसायची. "आई, तुम्ही मला खरं उत्तर थोडंच दिलं असतं?"

"का? मी काय खोटं बोलते?"

"तुम्ही 'नेहमी' म्हणाला असता. प्रत्येक प्रश्नाला."

तिकीटबाईने ते बोलणं कानामागे टाकलं.

उत्तरं गोळा झाली, आणि पहिल्या हिशेबात सगळं छान दिसलं. प्रार्थनेची घरं समाधानी होती. मार्गदर्शक सरांनी मान डोलावली. प्रार्थनागृहाच्या प्रमुखांनी तर रविवारच्या सभेनंतर सुनेचं भाषणच ठेवलं. तिकीटबाईने त्यांना शब्द दिला होता, "माझी सून आपली मान खाली जाऊ देणार नाही."

आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरात तिच्यासमोर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, एक सांगायचंय. मी एकेका घराची उत्तरं शेजारी ठेवून पुन्हा बघितली. घरं समाधानी आहेत, खरंय. पण बहुतेक घरांत एकच माणूस असा आहे की जो सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. बाकीचे निवांत, कारण तो करतोय. आणि त्या एकालाच झोप नाही. मनातलं बोलायला त्यालाच कोणी नाही. जिथे सगळे मिळून बसतात तिथे असं दिसत नाही. पण जिथे सगळ्यांची काळजी एकावर टाकलीय, तिथे तो एक माणूस आतून दमलाय."

तिकीटबाई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे प्रार्थना वाईट?"

"तसं नाही म्हणत मी."

"लोक तसंच ऐकणार! अगं, त्या घरांची दारं मी उघडून दिली. त्यांना वाटतंय की तू चार शब्द बरे बोलशील. उद्या मी तोंडघशी पडेन, कळतंय का तुला? झाकली मूठ असते ती उघडायचीच कशाला?"

सुनेनेही एक जुडी निवडायला घेतली. मग म्हणाली, "प्रबंधात ते राहणारच, तिथे मी खोटं लिहिणार नाही. पण उद्याच्या भाषणात तो भाग घ्यायलाच हवा असं नाही, सरही तेच म्हणाले. तुम्ही तिथे रोज जाता, आई. उद्यानंतरही जाणार आहात. तुम्ही नको म्हणालात तर मी बोलणार नाही."

हे आणखी वाईट झालं. भांडली असती तर तिकीटबाई भांडणात जिंकली असती. पण सुनेने निर्णयच तिच्या पदरात टाकला होता. "सकाळी सांगते," एवढं बोलून ती पुन्हा भाजीकडे वळली.

पहाटे ती नेहमीसारखी खुर्चीत बसली. मुलाचं नाव झालं, सुनेचं झालं, नातीचं झालं. शिंपिणीच्या नावाशी आली आणि अडकली. सुनेच्या प्रश्नांना उत्तरं देऊन शिंपीण आतल्या खोलीतून बाहेर आली होती तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि तिने जाता जाता तिकीटबाईचा हात घट्ट धरला होता. डोळ्यांच्या आजाराचंच असेल म्हणून हिने ते मनावर घेतलं नव्हतं. बेकरीवाल्याच्या घरी त्याची म्हातारी आई अशीच बाहेर आली होती, आणि "बरं वाटलं गं" एवढंच म्हणाली होती. दाराबाहेर स्टुलावर बसून इतकी माणसं हिने पाहिली. एकेका घरातलं एकेक माणूस तसा चेहरा घेऊन बाहेर यायचं, आणि ते कोण असणार हे हिला आत पाठवतानाच कळायचं. कसं कळायचं? तिकीटबाईला याचं उत्तर ठाऊक होतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. उरलेली नावं तिने उरकली. आयुष्यात पहिल्यांदाच उरकली.

चहा ठेवता ठेवता ती सुनेला म्हणाली, "बोल सगळं. काही गाळायचं नाही. त्या बायकांनी विश्वासाने सांगितलं, आणि आपण ते पोटात ठेवून गोड गोड बोलायचं? तसलं संशोधन आमच्याकडे चालत नाही."

"आई, लोक तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. माझ्या तोंडाला काय कुलूप आहे?"

सभेला दालन गच्च भरलं होतं. लिफ्टवाला मुलगाही कधी नव्हे तो आला होता आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होता. सून बोलायला लागली. कोणाचं नाव नाही, कोणाचं घर नाही. हे एका शहरातल्या थोड्या घरांपुरतं आहे, यावरून जगाचा न्याय करू नये, हेही तिने सांगितलं. मग ती त्या एका माणसावर आली. दालनात चुळबूळ सुरू झाली. प्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. शिंपीण मान खाली घालून बसली होती.

भाषण संपलं, पण टाळ्या काही वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण आमच्यातच जिवंत पुरावा बसलाय त्याचं काय? तिकीटबाई! सगळ्या गल्लीची नावं घेते ती. आहे का कधी थकलेली? सांगा हो तिकीटबाई, तुम्हीच सांगा!"

लोक हसले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. माना मागे वळल्या. व्यासपीठावर सुनेचा चेहरा पांढराफटक पडला, कारण एका "छे हो"ने तिची सगळी मेहनत हास्यास्पद ठरणार होती आणि सासूची इभ्रत मात्र शाबूत राहणार होती.

तिकीटबाई उठली. पदर सारखा केला. तोंड उघडलं, आणि जो आवाज अख्ख्या आगाराला पुरायचा तो आज निघालाच नाही. मग हळूच म्हणाली,

"थकलेय मी."

हसणं थांबलं.

"नवरा गेल्यापासून मला रात्रीची धड झोप नाही. तुमची सगळ्यांची नावं घेते, आणि मग दिवसभर त्यांचं काय झालं असेल याचा घोर लागतो. कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. मीच असं दाखवत आले की मला काही होत नाही, मग विचारणार तरी कोण? प्रार्थना मी सोडणार नाही. ती माझी आहे. पण माझ्या सुनेने जे सांगितलं ते खरं आहे. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही आणि तरी बरोबर ओळखलं."

ती खाली बसली. आता काय होईल ते होवो, असं तिच्या मनात आलं.

प्रमुख उठून पुढे आले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "शेवटची प्रार्थना करूया. आज तिकीटबाईंसाठी कोणी..." आणि ते थांबले, कारण इतक्या वर्षांत नावं घ्यायचं काम तिच्यावरच सोपवलेलं होतं आणि दुसऱ्या कोणाला सांगावं हे त्यांना सुचेना.

मागच्या भिंतीपासून मुलाचा आवाज आला. प्रार्थनेचे शब्द त्याला येत नव्हते. कधी लागलेच नव्हते. "माझी आई," तो म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते कळेना म्हणून पुन्हा म्हणाला, "माझी आई आहे ती. तिला झोप लागू दे."

तिकीटबाईने डोळे मिटले. आयुष्यभरात आपल्यासाठी असं कोणी मागितलेलं तिने ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. डोळे उघडले तेव्हा सून व्यासपीठावरून उतरून रांगांमधून वाट काढत तिच्याकडे येत होती. चेहरा अजून घाबरलेला, हातात कागदांचा गठ्ठा. बाजूला बसलेल्या शिंपिणीने तिकीटबाईचा हात हातात घेतला होता.

"ती येतेय ना, ती बघ," तिकीटबाई तिला म्हणाली. आवाज आता परत आला होता आणि तीन रांगांना ऐकू जात होता. "ती माझी सून. डॉक्टर होणार आहे."

शिंपिणीला हे ठाऊक होतं, सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं. तरी तिकीटबाईने ते पुन्हा एकदा सांगितलं.