लंबकाला कोण ढकलत होतं

त्या मे महिन्यात मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक संगणकीय विज्ञानाला, म्हणजे समीकरणं संगणकावर सोडवायला, दुसरा गणिती भौतिकीला. सात वर्षं सॉफ्टवेअर लिहून झाल्यावर पुन्हा शिकावंसं वाटत होतं, आणि काय ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

खालच्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक एकटे राहत. मूळचे उमरेडचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. त्यांचं मत ठाम होतं. "गणिती भौतिकी घे वं. समीकरण खोटं बोलत नाही. तुह्या मशीनचा काय भरोसा?"

मशीनची बाजू मांडावी म्हणून मी संगणकावर ताठ दांडीचा एक साधा लंबक लिहिला. घर्षण नाही, हवा नाही; दहा अंशांवरून सोडला की तेवढाच झुलत राहणार. सरांना दिसत नाही, म्हणून तो तळातून गेला की 'टक्' असा आवाज ठेवला. बुधवारी भर दुपारी लॅपटॉप घेऊन खाली गेले. बाहेर गरम वाऱ्याची लू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नीट ऐकू यावं म्हणून सरांनी कूलर बंद करायला लावला.

टक्. टक्. टक्. सर मांडीवर बोटाने ताल धरून होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. काही मिनिटांनी बोट थांबलं.

"हे लांबून राहिलं," ते म्हणाले.

"काय, सर?"

"दोन टकांमधला वेळ. झोका मोठा होऊन राहिला. कोण ढकलून राहिलं त्याले?"

मी पडद्याकडे पाहिलं. लंबक आडवा होईपर्यंत चढत होता. घाईने कोड तपासला. सूत्र बरोबर, चिन्हं बरोबर. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. टक्. मग त्याहून जास्त वेळ.

"बंद करू का?"

"राहू दे."

पुढची शांतता संपेचना. पडद्यावर लंबक उलटा, जवळजवळ सरळ उभा राहिला होता. त्या उकाड्यात माझ्या मानेवरचा घाम गार पडला. मग तो पलीकडच्या बाजूने कोसळला आणि टकटकटक करत गरगर फिरायला लागला.

"वरून गेला," सर हळूच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडून सगळा कोड वाचून घेतला. "समीकरणात नाही वं हे. तू वेळेचे तुकडे पाडले. दर तुकड्याले तो किंचित जास्त सरकते. तेवढी ऊर्जा त्याले फुकटची भेटते."

कारण कळलं, पण माझी भीती गेली नाही. प्रत्येक ओळ बरोबर असताना, मी न लिहिलेलं काहीतरी तिथे वाढत होतं. सरांनी ऐकलं नसतं तर ते वाढताना मला कळलंही नसतं.

शुक्रवारी मी संगणकीय विज्ञान कळवलं.

"काहून?" सरांनी विचारलं.

"समीकरणात ते दिसतच नाही, सर. ते जिथे तयार होतं, तिथे मला बसायचंय."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच हाक मारून अभ्यासाचं पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं. आता दर रविवारी मी वाचते, ते माझ्या चुका काढतात. दुसऱ्या सत्रात झोका वाढू न देणारी पद्धत शिकले, तेव्हा तोच लंबक पुन्हा त्यांच्यासमोर सोडला. सरांनी तासभर ऐकलं. सगळे टक् सारखे. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

लंबक तसाच चालू सोडून चहा ठेवायला मी उठले, तर म्हणाले, "आधी ते बंद कर, मग जा."